चतुश्चक्रचालित वाहनाच्या शक्तिप्रेषण-यंत्रणेतील ध्वनी व त्यांचे निदान

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे तालुक्याचे गाव अरुणावती नदीच्या काठी वसलेले आहे. तुळजापूर-नागपूर राष्ट्रीय महामार्ग या गावावरून जातो, आणि महामार्ग सोडला की थोड्याच अंतरावर कापसाच्या काळ्या जमिनीतून जाणारी पांदण लागते. एक पृष्ठभाग कठीण व खरखरीत, तर दुसरा पावसाळ्यात निसरडा व चिकट. इतके भिन्न गुणधर्म असलेले दोन पृष्ठभाग जेथे एकमेकांस लागून असतात, तेथे चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या वाहनाची खरी परीक्षा होते.

पांदणीतून बाहेर काढलेले असे वाहन पक्क्या रस्त्यावर आले की, जाताना न ऐकू आलेले आवाज परतताना ऐकू येऊ लागतात. त्यांवरून दोन प्रकारच्या चुका संभवतात. निर्दोष यंत्र भीतीपोटी उघडले जाते, ही पहिली. सदोष यंत्र 'चिखलाचाच आवाज असेल' अशा समजुतीने चालविले जाते, ही दुसरी. पहिल्या चुकीत द्रव्यहानी होते, दुसरीत प्रसंगी प्राणहानीही होऊ शकते. या दोन्ही टाळावयाच्या असतील तर आवाज 'कसा' आहे यापेक्षा तो 'केव्हा' होतो, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. हे सूत्र स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शक्तीचा मार्ग

विलीज जीपची जुळणी मुंबईत १९४७ साली सुरू झाली. आजची थार आणि ती जीप यांच्यात पुष्कळ अंतर पडले असले तरी शक्तिप्रेषणाची मूळ मांडणी बरीचशी तीच आहे. इंजिनाची शक्ती क्लच व गिअरबॉक्स यांतून ट्रान्सफर केसमध्ये येते. तेथून एक प्रॉपेलर शाफ्ट मागील आसाकडे व दुसरा पुढील आसाकडे जातो. प्रत्येक आसावर क्राऊन व पिनियन ही दंतचक्रांची जोडी असते, आणि वळणावर डाव्या-उजव्या चाकांना भिन्न वेगाने फिरू देणारे डिफरन्शिअल असते. परंतु पुढील व मागील आस यांच्यामध्ये असे डिफरन्शिअल या वाहनांत नसते. चारही चाकांचा दांडा टाकला की दोन्ही शाफ्ट एकमेकांशी दृढ जोडले जातात. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे.

२. जो आवाज दोष नव्हे

समजा, चालक पांदणीतून महामार्गावर आला, दांडा परत घेण्यास विसरला, आणि काटकोनात वळू लागला. मागील आसाच्या मध्याची वळणत्रिज्या ६ मीटर व दोन आसांमधील अंतर २.४५ मीटर धरल्यास पुढील आसाच्या मध्याची त्रिज्या सुमारे ६.४८ मीटर येते. पाव वर्तुळ पूर्ण करताना मागील आस ९.४२ मीटर, तर पुढील आस १०.१८ मीटर जातो. हा फरक सुमारे पाऊण मीटरचा, म्हणजे २.२ मीटर परिघाच्या चाकाच्या एकतृतीयांश फेऱ्याएवढा आहे.

ओल्या काळ्या मातीत टायर सहज घसरतात आणि हा फरक नकळत मिटतो. पक्क्या रस्त्यावर टायर घसरत नाहीत. मग शाफ्टमध्ये पीळ साठत जातो आणि एखादा टायर निसटला की तो 'धाड्' असा आवाज करून सुटतो. स्टिअरिंग जड होणे, गाडी मागून कोणी धरल्यासारखी वाटणे आणि दांडा परत येताना अडकणे ही याची सोबतची लक्षणे होत. अशा वेळी सरळ रेषेत थोडे मागेपुढे करून दांडा सोडवावा. आवाज थांबला तर यंत्रणेत मोडतोड नाही असे बहुधा मानता येते. मात्र हीच सवय दीर्घकाळ चालू राहिल्यास क्रॉस, दंतचक्रे आणि ट्रान्सफर केस यांचे आयुष्य घटते. म्हणजे जो आज दोष नाही तो उद्या दोष होतो.

३. काळ्या मातीची करणी

बेसाल्ट खडकाच्या विदारणातून झालेल्या या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती विपुल असते. ती चाकाच्या आतील बाजूस थापली जाते आणि वाळल्यावर विटेसारखी कठीण होते. एकाच बाजूस बसलेल्या एवढ्या भाराने चाकाचा तोल बिघडतो व विशिष्ट वेगाला गाडी थरथरू लागते. प्रॉपेलर शाफ्टवर बसलेला चिखल हेच काम अधिक जलद गतीने करतो. ब्रेकची तबकडी व तिच्यामागील पत्रा यांत अडकलेला खडा तर असा कर्कश आवाज करतो की, बेअरिंग गेले असा कोणाचाही समज व्हावा. म्हणून कोणतेही निदान करण्यापूर्वी वाहन खालून व चाकांच्या आतून स्वच्छ धुणे ही पहिली पायरी होय. मात्र पाण्याचा तीव्र झोत तेलसीलवर वा वाफनळीवर मारू नये.

धुतल्यानंतर रबरी आवरणे पाहावीत. कापूस निघून गेल्यावर शेतात उरलेली पऱ्हाटीची खुंटे पुढील आसाच्या सांध्यावरील रबर फाडू शकतात. फाटलेल्या आवरणातून ग्रीस बाहेर पडते व माती आत शिरते. असा सांधा स्टिअरिंग पूर्ण वळविले असता 'कट् कट्' असा आवाज करू लागतो.

४. नादाची गणना

कानास जे केवळ 'घरघर' वाटते, ते गणिताने अधिक नेमके करता येते. उदाहरणादाखल २.२ मीटर परिघाचे चाक, ४.३ हे आसाचे गुणोत्तर व १० दातांचा पिनियन धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाला चाक सेकंदास सुमारे ५ फेरे करते. प्रॉपेलर शाफ्टचे फेरे सेकंदास सुमारे २२ होतात. तिरक्या कोनात चालणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात शाफ्टची गती दोनदा कमी-अधिक करतो; म्हणून त्याचे कंपन सेकंदास सुमारे ४३ येते. पिनियनचे दात क्राऊनला सेकंदास सुमारे २१७ वेळा भिडतात.

याचा अर्थ असा की, त्याच वेगाला मोजता येण्याजोगा मंद ठोका आला तर तो चाकाचा, आसनातून जाणवणारा जाड गुंजारव आला तर तो शाफ्टचा वा क्रॉसचा, आणि स्पष्ट सूर लागला तर तो दंतचक्रांचा असण्याचा संभव अधिक. वारंवारता दाखविणारी साधने आज मोबाइल फोनवरही मिळतात. परंतु अगदी खालचे कंपन त्यांच्यापेक्षा हाताच्या तळव्यास अधिक विश्वासाने कळते.

५. एका वेळी एकच परिस्थिती बदलावी

प्रयोगशाळेतील हा नियम येथेही तंतोतंत लागू पडतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर पुढील क्रम ठेवावा.

गाडी वेगात असता क्षणभर गिअर न्यूट्रलमध्ये आणावा. इंजिनाची गती उतरली तरी आवाज वाहनाच्या वेगाबरोबरच राहिला, तर दोष गिअरबॉक्सनंतरच्या भागात शोधावा. नंतर प्रवेगक दाबून व सोडून पाहावे. केवळ दाबताना किंवा केवळ सोडताना येणारा सूर क्राऊन-पिनियनच्या दातांकडे बोट दाखवितो, कारण या दोन अवस्थांत दातांच्या भिन्न बाजूंवर भार पडतो. दाबणे व सोडणे यांच्या संधिक्षणी एकच ठोका आला, तर झिजलेला क्रॉस, कोरडा सरकता सांधा किंवा ढिले बोल्ट पाहावेत. गाडी सुरू होताना 'चिर्र चिर्र' असा वेगाबरोबर वाढणारा आवाज हे क्रॉसमधील ग्रीस धुऊन गेल्याचे नेहमीचे लक्षण आहे. अशा क्रॉसकडे दुर्लक्ष केल्यास शाफ्ट रस्त्यावर निखळून पडण्याची भीती असते.

यानंतर स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे वळवावे. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा वाढणारी घरघर बहुधा डाव्या हबच्या बेअरिंगची असते. शेवटी, सैल जमिनीवर चारही चाकांचा दांडा टाकून पाहावे. तेव्हाच प्रकट होणारा आवाज पुढील शाफ्ट, पुढील आस किंवा ट्रान्सफर केस यांचा समजावा. एक सूचना आवश्यक आहे: चारही चाकांचा दांडा टाकलेला असता केवळ एकच आस जॅकवर उचलून इंजिन चालवू नये, जमिनीवरील चाके वाहनास जॅकवरून ढकलून देतात.

६. उशिरा बोलणारा दोष

आतापर्यंत ज्यांचा विचार केला ते आवाज त्याच दिवशी ऐकू येतात. सर्वांत घातक दोष मात्र त्या दिवशी मौन पाळतो. ओढ्याचे पाणी आसाच्या वर आले असता काय घडते ते पाहा. चालून तापलेल्या आसाच्या हौसिंगमधील हवा, समजा, ७० अंश सेल्सिअसवर आहे. पाण्यात शिरताच ती ३० अंशांवर येते. वाफनळी चिखलाने बुजलेली असल्यास आतील दाब सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. हा फरक सव्वा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा आहे. तेलसीलची रचना मुख्यतः तेल आत राखण्यासाठी असते, बाहेरील पाण्याचा असा दाब अडविण्यासाठी नव्हे. परिणामी पाणी आत ओढले जाते.

त्या सायंकाळी गाडी निमूटपणे चालते. परंतु तेलात मिसळलेल्या पाण्यामुळे वंगणाचा पातळ पापुद्रा जागोजाग तुटतो, बेअरिंगच्या पृष्ठभागावर गंजाचे सूक्ष्म ठिपके पडतात, ठिपक्यांचे खड्डे होतात, आणि काही आठवड्यांनी, ओढ्याची आठवणही पुसली गेल्यावर, घरघर सुरू होते. तेव्हा तेल बदलून काहीही साधत नाही.

म्हणून पाण्यातून गेलेली गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी आणि सकाळी हौसिंगच्या तळाचा बूच किंचित सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्याने वेगळे राहिले असल्यास तेच आधी बाहेर येते. मिसळले असल्यास तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसते. दोहोंपैकी काहीही आढळल्यास तेल त्वरित बदलावे व वाफनळी मोकळी करावी. तेलाच्या एका डब्याच्या खर्चात येथे क्राऊन-पिनियनची जोडी आणि बेअरिंगे वाचतात.

उपसंहार

आवाज हा यंत्राने दिलेला पुरावा होय. परंतु कोणताही पुरावा परिस्थितीपासून तोडला की निरुपयोगी होतो. वेग, भार, वळण आणि दांड्याची स्थिती या चार गोष्टींची नोंद आवाजासोबत केली, तर निदानाचा मोठा भाग पाना हाती घेण्यापूर्वीच पूर्ण होतो. आणि जेथे पाण्याचा संबंध आला तेथे शांततेसही पुरावा मानू नये. आर्णीच्या पांदणीतून ऐन पावसाळ्यात एखाद्या रुग्णास घेऊन निघालेल्या वाहनाचा भरवसा अशा सकाळच्या दहा मिनिटांच्या तपासणीवर अवलंबून असतो.