वजाबाकीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या

मंडळी, साध्या एक्स-रेमध्ये कवटीचं हाड ठळक दिसतं, पण आतल्या रक्तवाहिन्या दिसत नाहीत. कारण रक्त आणि मेंदू क्ष-किरण जवळजवळ सारखेच अडवतात. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मानेतल्या धमनीत क्ष-किरण अडवणारं द्रव्य सोडलं, आणि जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या प्रथमच चित्रात उमटल्या. हाडाची सावली मात्र होतीच.

ती पुसली संगणकाच्या वजाबाकीनं. म्हणून नाव डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी, म्हणजे डीएसए. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मानेतल्या धमनीपर्यंत नेतात. आधी एक चित्र घेतात, मग आयोडीनयुक्त द्रव्य सोडून पुढची घेतात. नंतरच्या चित्रांतून पहिलं वजा केलं की दोन्हींकडे सारखं असलेलं हाड जातं; उरतात फक्त रक्तवाहिन्या. आता कळलं ना, 'हलू नका' असं का बजावतात? डोकं सरकलं की वजाबाकी बिघडते.

धमनीच्या भिंतीला आलेला फुगा, म्हणजे अॅन्युरिझम, यात नेमका दिसतो. त्याचं तोंड अरुंद की रुंद, यावर आतून तारेची गुंडाळी भरायची की कवटी उघडून क्लिप लावायची, हे बरंचसं ठरतं.

मग सरसकट डीएसएच का नाही? नळीमुळे पक्षाघाताचा थोडा धोका असतो. म्हणून बहुतेकदा आधी सीटी अँजिओग्राफी करतात. तिला हाताच्या शिरेतलं इंजेक्शन पुरतं.

एवढं लक्षात ठेवा: क्षणात उठलेली, आजवर कधीच झाली नव्हती अशी डोकेदुखी म्हणजे फुगा फुटल्याची खूण असू शकते. गोळी घेऊन झोपू नका. थेट हॉस्पिटल गाठा.