राखावा कोण, सोडावा कोण?

मी मराठीचा प्राध्यापक. क्रिकेटचे माझे ज्ञान वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानापुरते. तरीही आमच्या लोह्यातल्या आठ तरुण मंडळींनी मला आपला पंच नेमले आहे. आणि गंमत अशी की, याच अज्ञानाच्या जोरावर! "काका, तुम्हाला कुणाचाच पक्ष नाही," असे माझ्या पुतण्याने मला समजावून सांगितले.

खेळ असा. आठही जण वहीत आपापला संघ मांडतात. प्रत्येकाजवळ शंभर रुपये, तेही कागदावरचे. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला, आमच्या वहीत त्याआधीही दमडी नव्हती, हे सांगून ठेवतो.) त्या रुपयांत आयपीएलमधले खेळाडू बोलीने घ्यायचे आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यावर मांडायचे. अमेरिकेत डॅनियल ओक्रेंट या लेखकाने आपल्या मित्रांना घेऊन 1980 साली बेसबॉलवर असाच खेळ मांडला होता. आमच्याकडे हंगाम संपला की प्रत्येकाला तीन खेळाडू राखता येतात, मात्र गेल्या वेळच्या किमतीवर पाच रुपये चढवून. बाकीचे पुन्हा लिलावात. राखण जाहीर झाली की पंचाने निवाडा द्यायचा : सर्वांत शहाणपणाने कोणी राखले?

पहिल्या वर्षी मी सरळ नावांना गुण दिले. थोर खेळाडू राखणारा तो थोर! सगळे माझ्यावर हसले. परीक्षेच्या उत्तरपत्रिका मी अशाच तपासतो की काय, अशीही शंका एकाने काढली.

2025 च्या हंगामानंतर खरे भांडण झाले. पुतण्याने विराट कोहलीला राखले. तीस रुपयांना घेतला होता, आता पस्तिसाला पडला. शेजारच्या मुलीने वैभव सूर्यवंशीला राखले. हा पोरगा तिने दोन रुपयांत उचलला होता. त्याने एप्रिलमध्ये अवघ्या 35 चेंडूंत शतक ठोकले. तो तिला सातात पडला. मी तिला पहिला नंबर दिला आणि पुतण्याने माझ्याशी बोलणे सोडले. "विराटला तुम्ही त्या पोराच्या खाली घातलंत!" एवढेच जाताना म्हणाला.

पण विराट मोठा की वैभव, हा प्रश्नच नव्हता. खुल्या लिलावात वैभव माझ्या अंदाजाने पंधरापर्यंत गेला असता; म्हणजे राखण्यात आठ रुपये वाचले. विराट बत्तिसाला मिळाला असता. म्हणजे तीन रुपये गेले. राखण तोलायची ती या फरकावर.

मोठ्यांच्या खेळातही हाच हिशेब असतो. 2024 साली नेमके दिवाळीत, 31 ऑक्टोबरला, आयपीएलच्या संघांनी राखलेल्यांच्या याद्या दिल्या. संघाची थैली 120 कोटींची. राखण्याचे दर पहिल्या तिघांना 18, 14 आणि 11 कोटी. आणि चौथा पुन्हा 18, पाचवा 14! उतरणीनंतर एकदम चढण. नियम करणाराची धूर्तता पाहा : राखा, पण लोभ केलात तर तो अंगाशी येऊ द्या. मुंबईने पाचही राखले, 75 कोटी संपवले. पंजाबने भारताकडून न खेळलेले दोघेच राखले आणि 110.5 कोटी घेऊन जेद्दाहच्या लिलावात उतरला. कोलकात्याने सहा जण राखले. परंतु त्याच वर्षी विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार श्रेयस अय्यर त्यांत नव्हता. (राखायला खेळाडूचेही मन लागते, हेही खरे.) पंजाबने त्याला 26.75 कोटींना घेतले. पुढच्या हंगामात पंजाब अंतिम सामन्यात सहा धावांनी हरला. कोलकाता आठवा आला.

चेन्नईने आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला 18 कोटींना राखले. पाच सामने झाले, कोपराचे हाड दुखावले, हंगाम बुडाला; संघ शेवटचा आला. मग चेन्नईची राखण चुकली का? हा प्रश्न आला की मला माझे वडील आठवतात.

आमच्याच तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि लाल कंधारी बैल. मी सातवीत होतो. त्या साली कडबा इतका महागला की दोन जोड्या पोसणे अशक्य झाले. एक जोडी चार दाती, ऐन जोमातली. दुसरी जुळलेली, उतरत्या वयाची. सारे गाव म्हणाले, म्हातारी विका. वडिलांनी तरणी विकली! आईने त्या रात्री जेवण केले नाही. वडील शांतपणे म्हणाले, "म्हाताऱ्या जोडीला बाजारात कोण काय देतंय? आपलं रान मात्र ती अजून दोन-तीन साल ओढती. तरण्याला भाव आज हाय." आलेल्या पैशांत वर्षाचा कडबा भरला, बियाणे आले, माझ्या बहिणीचे लग्न बिनकर्जाचे झाले.

आणि मृगाच्या तोंडावर जुन्या जोडीतल्या एकाला साप चावला. पेरणी सावडीने करावी लागली. गाव हसले. त्यानंतर कितीतरी वर्षे माळेगावचे नाव निघाले की आई त्या तरण्या जोडीची आठवण काढी, आणि वडील सुपारी कातरत राहत.

माझ्या वहीत वडिलांना पैकीच्या पैकी गुण आहेत. विकायच्या दिवशी साप कुणाला दिसत नव्हता.

ही हकीगत मी पुतण्याला ऐकवली. तो गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आजोबांचं बरोबर होतं. पण काका, विराट लिलावात बत्तिसाला मिळाला असता, हे कुणी सांगितलं? मला तोच पाहिजे, हे सातही जणांना ठाऊक आहे. नुसती माझी जिरवायला त्यांनी त्याला चाळीसवर नेला असता. आणि सगळ्यांनी स्वस्तातले चांगले गडी राखून ठेवले, म्हणजे पैसा भरपूर आणि माल थोडा. भाव चढणारच की!"

ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी वही उघडली आणि त्याचा नंबर पाचावरून तिसरा केला. शेजारच्या मुलीचा पहिला तसाच ठेवला. आता ती माझ्याशी बोलते, पुतण्याही बोलतो. आणि ज्यांचे नंबर खाली सरकले ते दोघे मात्र सध्या रस्त्यात मला पाहून दुसऱ्या गल्लीत वळतात.