अमानतीचा हिशेब

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मुस्लिम घरांतून वही निघते. घरात सोने किती, दुकानात माल किती, कोणाकडून येणे किती, स्वतःच्या डोक्यावर देणे किती, असा सगळा हिशेब मांडला जातो. देणे वजा जाऊन जे उरते ते ठरावीक मर्यादेच्या वर असेल, तर त्यातून अडीच टक्के जकात काढायची. ईदच्या नमाजेआधी फितरा गरजूच्या घरी पोहोचवायचा. आटपाडीच्या पेठेत शेजारच्या हिंदू दुकानदारालाही या दिवसांत ठाऊक असते की, ‘आज चाचांचा हिशेब चालला आहे, उद्या या.’

पण इतक्या बारकाईने वही मांडणाऱ्या घरातही एक हिशेब वर्षानुवर्षे तसाच राहतो. आपल्यामागे या सगळ्याचे काय होणार, हा तो हिशेब. मुलाने कधी विषय काढलाच, तर उत्तर ठरलेले असते, “मी काय लगेच चाललोय व्हय?” आणि विषय तिथेच मिटतो. वाक्य अब्बांचे असो की आप्पांचे, त्यात काडीचाही फरक नसतो.

माणदेशात हा प्रश्न थोडा अधिक अवघड आहे. पाऊस बेभरवशाचा म्हणून इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली. आटपाडी-खानापूर भागातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगले. एक भाऊ दक्षिणेत, एक उत्तरेत, बहीण सासरी आणि गावात डाळिंबाची बाग सांभाळणारा चौथा. वडील गेल्यावर सातबारावर वारस नोंद करायची म्हटले तरी कागदपत्रे आणि सह्या गोळा करण्यात महिने जातात. तेवढ्यात एखादा वारसही जातो आणि त्याच्या जागी त्याची चार मुले येतात. कागद जितका लांबतो, तितकी नावे वाढतात आणि नात्यातला ओलावा कमी होतो.

दोन रात्रींची मुदत

या बाबतीत इस्लामी परंपरेचे सांगणे अगदी स्पष्ट आहे. ज्याच्याकडे मागे ठेवण्याजोगे काही आहे, त्याने आपली वसीयत लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाजेविषयी किंवा रोजाविषयी नाही. उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हे सांगणारी ती आयत आहे.

तरीही ‘आमचे हिस्से शरीयतने ठरलेलेच आहेत, मग वसीयत कशाला?’ असा प्रश्न विचारला जातो. हिस्से ठरलेले आहेत हे खरे. मुस्लिम व्यक्तीला वसीयतीने सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मालमत्ता देता येते आणि तीही मुळातच वारस असलेल्याला द्यायची, तर सुन्नी परंपरेत इतर वारसांची संमती लागते. साद बिन अबी वक्कास या सहाबींनी आजारपणात सारी संपत्ती दान करण्याची इच्छा दाखवली, तेव्हा पैगंबरांनी त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि तेही पुष्कळ झाले, असे सांगितले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे चांगले, हा त्यामागचा विचार.

पण वसीयतीची खरी गरज या चौकटीतच दिसते. समजा, दोन मुलांपैकी एक बापाच्या आधीच अपघातात गेला. त्याची लहान मुले आजोबांच्याच घरात वाढत आहेत. पारंपरिक सुन्नी नियमानुसार दुसरा मुलगा हयात असताना या नातवंडांना आजोबांच्या मालमत्तेत वारस म्हणून हिस्सा येत नाही. आजोबांनी हयातीत एक पान लिहिले असते, तर त्या एक तृतीयांशातून पोरक्या नातवंडांची सोय झाली असती. ते पान नसेल, तर सारे काकांच्या मर्जीवर राहते. काका भला असेल तर ठीक.

दुसरी गरज देण्याघेण्याची. मालमत्ता वाटण्याआधी दफनाचा खर्च, कर्ज आणि न दिलेला मेहर फेडायचा असतो. मेहर हे बायकोचे कर्जच आहे. पण देणे कोणाचे, येणे कोणाकडून, हे फक्त गेलेल्या माणसाच्या डोक्यात असेल, तर ते फेडायचे कोणी?

हिंदू घरांत मृत्युपत्राला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित मालमत्तेत आपल्या हिश्शापुरतेच लिहिता येते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागदही चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मुस्लिम कायद्यात तोंडी वसीयतही चालते, पण ती सिद्ध करताना घरातलेच लोक एकमेकांविरुद्ध उभे राहतात. म्हणून कागद आणि दोन साक्षीदार सर्वांनीच ठेवावेत. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये.

बहिणीचा हिस्सा हा दोन्हीकडचा दुखरा विषय. शरीयतने मुलीला मुलाच्या निम्मा का होईना, निश्चित वाटा दिला. हिंदू मुलीला २००५च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. पण हक्कसोडपत्रावर सही घ्यायला गाडी दारात येते, तेव्हा दोन्हीकडच्या बहिणी माहेर तुटेल या भीतीने सही करतात. रोजे धरणाऱ्या आणि वारी करणाऱ्या, दोघांनीही इथे मनाला विचारावे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

‘बँकेत नॉमिनी लावला आहे, आता काळजी नाही,’ हा आणखी एक सार्वत्रिक गैरसमज. ज्या ‘कालनिर्णय’वर एकादशीही पाहिली जाते आणि रमजान ईदही, त्याचे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेविषयीचा खटला इथे पाहण्यासारखा आहे. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी ते वारले. मृत्युपत्रातल्या मालमत्तेखेरीज काही ठेवी आणि म्युच्युअल फंडांतली गुंतवणूक होती. त्यांना नॉमिनी लावलेले होते. हे पैसे नॉमिनीचे की सर्व वारसांचे, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की, नामनिर्देशनाने नॉमिनीला मालकी मिळत नाही. वारसा ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने.

नॉमिनी म्हणजे पैसे हाती घेऊन हक्कदारांपर्यंत पोहोचवणारा माणूस. मृत्यूनंतर दहा वर्षांनी हा निकाल लागला. मृत्युपत्र लिहिणाऱ्या जाणत्या माणसाच्या बाबतीतही हे घडू शकते, तर कागदच न करणाऱ्यांचे काय? म्हणून नॉमिनी कोण आणि वारस कोण, याचा मेळ हयातीतच घालावा.

मैत्रीखातर घेतलेले ओझे

मृत्युपत्र केले तरी ते अमलात आणणारा माणूस लागतो. त्या माणसावर काय वेळ येऊ शकते, याचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले मोठे उदाहरण म्हणजे ताई महाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने वारले. मृत्युपत्र झाले ते त्याच दिवशी. त्यात नेमलेल्या विश्वस्तांमध्ये लोकमान्य टिळक होते. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले. तरी मरणाऱ्या स्नेह्याचा शब्द त्यांनी मोडला नाही.

इस्टेटीवर कर्ज होते. विश्वस्तांनी खर्चाला कात्री लावली. पत्नी ताई महाराज अगदी तरुण होत्या. पतीच्या मागे झालेला मुलगा जगला नाही. मग मृत्युपत्रानुसार विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यायचा प्रश्न आला. जून १९०१ मध्ये औरंगाबादेत एक दत्तकविधान झाले. काही आठवड्यांतच ताई महाराज विश्वस्तांविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि कोल्हापुरात त्यांनी दुसरा मुलगा दत्तक घेतला. तिथून खटल्यांची मालिका सुरू झाली. १९०३ मध्ये टिळकांना खोट्या साक्षीच्या आरोपावरून शिक्षा झाली. मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दावा मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने निकाल लागला. ताई महाराज १९०३ मध्येच वारल्या होत्या.

यात कोणाची बाजू खरी, यापलीकडचे दोन धडे आहेत. मरणाच्या दिवशी केलेल्या कागदात घरातल्या माणसांची मने जुळवायला वेळच उरत नाही. जिच्या आयुष्याचा निर्णय व्हायचा, त्या तरुण विधवेशी आणि विश्वस्तांशी एकत्र बसून बोलणे बाबा महाराजांच्या हयातीत निवांतपणे व्हायला हवे होते. आणि विश्वस्त होणे हा मान नाही. ज्या कामात एक पैचा लाभ नव्हता, त्यापायी टिळकांसारख्या माणसाची चौदा वर्षे कोर्टकज्ज्यांत गेली.

ट्रस्ट गावाचा, वही कोणाची?

घरापेक्षा गावाच्या ठेव्याची गोष्ट आणखी नाजूक. हजरत उमर यांना खैबर इथे उत्तम जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी पैगंबरांना विचारले. मूळ जमीन राखून ठेव आणि उत्पन्न दान कर, असा सल्ला मिळाला. ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशाने वाटायची नाही. उत्पन्न गरीब, नातलग, वाटसरू यांना. सांभाळणाऱ्याने त्यातून रीतीपुरते खावे, संपत्ती साठवू नये. वक्फची सारी कल्पना या अटींत आहे. मुतवल्ली हा मालक नव्हे, राखणदार.

मशीद, दर्गा, मंदिर, यात्रा कमिटी, तालीम, शिक्षण संस्था, सगळीकडे होणाऱ्या चुका मात्र सारख्याच असतात. पहिली चूक तोंडी दान. ‘ही पाच गुंठे देवस्थानाला दिली,’ असे आजोबा चारचौघांत म्हणाले, पण सातबारा त्यांच्याच नावावर राहिला. नातवांनी कुंपण घातले की गावात भांडण. मुस्लिम कायद्यातला हिबा तोंडी होऊ शकतो, पण ताबा प्रत्यक्ष द्यावाच लागतो. ‘मी असेपर्यंत माझ्याकडे, मग मशिदीला,’ ही वसीयत झाली आणि तिला एक तृतीयांशाची मर्यादा आली. वक्फ कायद्याच्या २०२५च्या दुरुस्तीनंतर दस्त केल्याशिवाय नवा वक्फच करता येत नाही. कुटुंबासाठीच्या वक्फमुळे स्त्रियांचा वारसाहक्क डावलला जाता कामा नये, असेही त्या दुरुस्तीत म्हटले आहे.

दुसरी चूक एका खिशातली वही. रमजानची वर्गणी किंवा यात्रेची पट्टी कोणाच्या तरी घरखर्चाच्या खात्यावर जमा होते. माणूस प्रामाणिक असतो, पण तो अचानक गेला की ते पैसे त्याच्या वारसांचे की संस्थेचे, हे सिद्ध करता येत नाही. पावतीपुस्तक, संस्थेचे स्वतंत्र बँक खाते आणि दोन सह्या, एवढ्याने निम्मे वाद टळतात.

तिसरी चूक हेतू बदलण्याची. जकात गरजूंचा हक्क आहे. बहुसंख्य उलेमांच्या मते ती मशिदीच्या बांधकामालाही वापरता येत नाही. विद्यार्थ्यांसाठी आलेली देणगी सभामंडपाच्या फरशीत घालणे ही त्याच जातीची चूक. पैसा कुठे खाल्ला नाही, म्हणून ती चूक ठरत नाही असे नव्हे.

चौथी चूक कागद शिळे ठेवण्याची. सार्वजनिक न्यासाच्या १९५०च्या कायद्यानुसार विश्वस्त बदलला, वारला किंवा राजीनामा दिला, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक संस्थांच्या नोंदीत मात्र वीस वर्षांपूर्वी वारलेली माणसे आजही विश्वस्त असतात. हिशेब तपासणी रखडलेली असते. मग अनुदान आले की धावाधाव आणि दोन गट पडले की दोन्हींकडे शिक्के.

पाचवी चूक सर्वांत महाग पडते. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची जमीन विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायलाही ती लागते. वक्फच्या जमिनीची विक्री तर कायद्याने अवैधच आहे. विश्वस्तांनी ठराव केला, सगळ्यांनी सह्या केल्या, म्हणून असा व्यवहार टिकत नाही आणि घेणाऱ्याचेही पैसे अडकतात.

राजानेही लिहून दिले

आटपाडीला या बाबतीत दूर पाहायची गरज नाही. हा तालुका औंध संस्थानात होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्य दिले, ते दरबारात नुसता शब्द देऊन नव्हे. लिखित राज्यघटना करून दिले. आयुष्यभर जमवलेल्या कलावस्तूंसाठी १९३८ मध्ये औंधच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. संस्थान विलीन झाले, राजे गेले, पण संग्रहालय आजही उभे आहे आणि शाळांच्या सहली तिथे जातात. ज्याच्या शब्दाला कायद्याचे वजन होते, त्यालाही कागद गरजेचा वाटला.

या रमजानमध्ये जकातीची वही उघडलेली आहेच. तिच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहायला जास्त वेळ लागणार नाही. काय आहे आणि कुठे आहे. कोणाचे देणे, कोणाकडून येणे. ज्यांना हिस्सा येत नाही, पण ज्यांची जबाबदारी आपली आहे, अशांसाठी काय. आणि हे सारे पार पाडणार कोण. मग ते पान वकिलाला दाखवून पक्के करावे आणि घरातल्या सर्वांना, बहिणींनाही, सांगावे. ज्यांची वही दिवाळीच्या पाडव्याला बदलते, त्यांनी पाडव्याची वाट पाहायचे कारण नाही.

ईदच्या सकाळी शीरखुर्म्याच्या वाट्या घरोघर जातात, तेव्हा वर्षभराचे रुसवे मिटतात. आपण नसतानाही ती वाटी एका भावाच्या घरातून दुसऱ्या भावाच्या आणि बहिणीच्या घरी जात राहावी, असे वाटत असेल, तर तिची सोय आजच लिहून ठेवायला हवी.