डोळ्यांविना खेळ : बोटे, कान आणि बोलका संगणक

स्मरणिकेच्या या अंकात आम्ही वाचकांना एका वेगळ्या, परंतु आपल्या मंडळाच्या कार्याशी जवळचे नाते असलेल्या विषयाची ओळख करून देत आहोत. अंध मुले संगणकावर व मोबाइलवर जे 'ध्वनिखेळ' खेळतात ते कसे असतात आणि त्यासाठी कोणती साधने लागतात, हा तो विषय होय. खेळ म्हणजे चैन, असे कोणी समजू नये. डोळस मूल संगणकाची कळ प्रथम खेळण्यासाठीच दाबते व त्यातूनच त्याची भीती मोडते. ही वाट अंध मुलाला बंद राहिली तर पुढे अभ्यासाची व नोकरीची वाटही अवघड होते.

ध्वनिखेळात चित्रावर काहीही अवलंबून नसते. डाव्या कानात आवाज आला की वस्तू डावीकडे आहे आणि आवाज वाढला की ती जवळ आली, असे समजायचे. मोटार शर्यतीच्या 'टॉप स्पीड' या खेळात पुढचे वळण सोबतीचा आवाज आधीच सांगतो. जपानमध्ये १९९७ साली 'रिअल साऊंड' हा पडद्यावर चित्रच नसलेला खेळ निघाला होता.

आता प्रश्न असा की, खेळाडूने आपला हुकूम यंत्राला द्यायचा कसा? याचे उत्तर संगणकाच्या आधी बुद्धिबळाने शोधले आहे. अंधांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला छिद्र असते व मोहरा त्यात खोचून बसतो. काळ्या मोहऱ्यांना हाताला कळेल अशी खूण असते. नेहमीच्या बुद्धिबळात हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो. अंध खेळाडूच्या बाबतीत मात्र मोहरा छिद्रातून वर काढला तरच तो 'स्पर्शिला' असे मानतात. म्हणजे पट चाचपून पाहणे वेगळे आणि चाल करणे वेगळे. महाराष्ट्रात हा खेळ रुजविण्यात स्वतः अंध असलेले चारुदत्त जाधव यांचा मोठा वाटा आहे. अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघ त्यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. 'टॉक ६४' हे बोलके बुद्धिबळ सॉफ्टवेअरही त्यांनीच विकसित केले.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिल्याच गाथेच्या निमित्ताने चक्खुपाल थेरांची कथा येते. दृष्टी गेलेल्या थेरांच्या पायाखाली चालताना किडे मेले. भिक्खूंनी तक्रार केली तेव्हा भगवंतांनी सांगितले की, तेथे मारण्याची चेतना नव्हती, म्हणून दोष नाही. स्पर्श आणि हेतू यांतील हा भेद ज्या साधनाने पाळला, ते साधन अंधाच्या उपयोगी पडते. या कसोटीवर आता एकेक साधन पाहू.

माउस येथे निरुपयोगी ठरतो. बाण पडद्यावर कोठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. कीबोर्ड मात्र उत्तम. प्रत्येक कळीची जागा ठरलेली असते. 'एफ' व 'जे' या कळांवर, तसेच आकड्यांच्या गटातील '५' वर उंचवटा असतो. तेथे बोट ठेवले की बाकीच्या कळा आपोआप सापडतात. खरेदी करताना एक काळजी घ्यावी. काही स्वस्त कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या तर एखादी कळ नोंदलीच जात नाही. धावत असताना वळून उडी मारायची झाल्यास खेळाडू तेथेच फसतो. म्हणून दुकानातच तपासून घ्यावे.

दोन्ही हातांत धरायचा गेमपॅडही चांगला, कारण त्याची बटणे अंगठ्याखालीच असतात. १९९७ पासून थरथरणारे पॅड आले आणि धक्का लागला, गोळी बसली हे तळहाताला कळू लागले. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने मोठ्या बटणांचे एक खास साधन काढले. ते मुख्यतः हातांची हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी आहे. अपंगांसाठीचे साधन म्हणजे सर्वांसाठी एकच, असे नसते. अंध खेळाडूला बहुधा साधा पॅडच पुरतो, मात्र खेळ बोलका हवा. २०२० सालच्या 'द लास्ट ऑफ अस भाग २' या खेळात साठाहून अधिक सोयी होत्या व अंध खेळाडूंनी तो साध्या पॅडवर पूर्ण केला. अडचण हातात कमी आणि खेळ रचणाऱ्याच्या विचारात अधिक होती, हेच यातून दिसले.

मोबाइलच्या काचेवर उंचवटा नसतो. तरीही 'टॉकबॅक' चालू केल्यावर बोट फिरवले की फोन नाव वाचतो आणि दोनदा टिचकी मारली की हुकूम मानतो. येथेही बुद्धिबळाचाच नियम आहे. मात्र काही खेळांत बोटाच्या खुणा टॉकबॅकच पकडून ठेवतो. असे खेळ खेळताना तो थोडा वेळ थांबवावा लागतो.

कानाचे साधनही तितकेच महत्त्वाचे आहे. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा येतो आणि तेवढ्यात डाव जातो. म्हणून तारेचा हेडफोन घ्यावा. तो स्वस्तही पडतो व चार्ज करावा लागत नाही. डावा-उजवा उलटा घातला तर सारा खेळच उलटा होतो, म्हणून एका बाजूला दोरा बांधून खूण करावी.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. आईबाप पहाटे फडात गेल्यावर कोपीवर राहणाऱ्या अंध मुलाच्या वाट्याला काय येते, याचा विचार आपण करावयास हवा. त्याला महागडे यंत्र नको. घरातला फोन आणि तारेचा हेडफोन एवढ्यावर सुरुवात होते, फक्त कोणीतरी एकदा शिकवावे लागते. गावात असताना विहारातील अभ्यासिकेच्या संगणकावर 'एनव्हीडीए' हे २००६ पासून मोफत मिळणारे वाचक सॉफ्टवेअर टाकता येईल. ते मराठीही बोलते. एक चांगला कीबोर्ड, एक हेडफोन आणि आठवड्यातून दोन तास देणारा एक विद्यार्थी, एवढी जुळणी कोणतीही शाखा करू शकेल.

आपल्या समाजाने ज्ञानाचे बंद दरवाजे स्वतःच्या बळावर उघडले आहेत. आपल्यातलेच एक मूल त्या दरवाजाबाहेर उभे राहू नये, इतकीच आमची सर्व सभासदांना व विद्यार्थ्यांना विनंती आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.