टी-थ्री, टी-फोर आणि 'हाशिम मोटा'

थायरॉइडचा आजार घरात एकटा येत नाही. अवघड शब्दांचे गाठोडे घेऊन येतो. अंधेरीच्या आमच्या घरात सासूबाई आणि दोन सुना अशा आम्ही तिघी रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेतो. मुलुंडला दिलेली नणंद चौथी. या शब्दांनी आम्हाला आधी घाबरवले, मग हसवले आणि हसता हसता बरेच शिकवले.

पहिला रिपोर्ट आला तेव्हा त्यावर टी-थ्री, टी-फोर लिहिलेले होते. सासूबाई म्हणाल्या, "सहारला टी-टू आहे, पार्ल्याकडे टी-वन. हे बाकीचे दोन विमानतळ कधी बांधले?" डॉक्टरही हसले आणि त्यांनी समजावले: गळ्यातली ही ग्रंथी आयोडिन वापरून दोन संप्रेरके बनवते. एकात आयोडिनचे 3 अणू, दुसऱ्यात 4. म्हणून ही नावे.

टीएसएचची गंमत याहून मोठी. आकडा 9 आला, तर धाकट्या मुलाला वाटले दादीचे मार्क वाढले! पण इथे हिशेब उलटा. टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीने थायरॉइडला मारलेली हाक. सहेरीला मुलगा उठला नाही की आईचा आवाज चढतो, तसेच हे. थायरॉइड जितकी सुस्त, तितकी हाक मोठी. आकडा चढला म्हणजे ग्रंथी झोपली आहे, एवढे आम्हाला आता पक्के ठाऊक झाले.

कोण हा हाशिम?

थोरल्या सुनेच्या कागदावर 'हाशिमोटो' आले. सासूबाईंनी विचारले, "हा हाशिम कोण? आणि मोटा का?" वजन वाढलेले असल्याने आमच्यातली थोरली सर्वांत जास्त हसली. हाकारू हाशिमोटो हे जपानी डॉक्टर. त्यांनी 1912 मध्ये या आजाराचे वर्णन केले. यात शरीराची संरक्षण करणारी फौज चुकून आपल्याच थायरॉइडवर चाल करून जाते.

मुलुंडच्या नणंदेचे प्रकरण उलटे. तिची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त धावत होती; छातीत धडधड, हात थरथरणे, वजन उतरणे. आजाराचे नाव 'ग्रेव्ह्ज'. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या भाच्याने अर्थ सांगितला, "ग्रेव्ह म्हणजे कबर." बिचारीने दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. कबरीशी त्याचा काही संबंध नाही. 1835 मध्ये या आजाराविषयी लिहिणारे आयरिश डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांचे ते नाव आहे. त्यांच्याही सुमारे सात शतके आधी इस्माईल जुर्जानी या हकीमांनी फारसी ग्रंथ 'जखीरा-ए-ख्वारिज्मशाही'मध्ये गलगंड आणि बाहेर आलेले डोळे यांचा संबंध नोंदवला होता. आजाराला जुर्जानींचे नाव पडले असते, तर आमची नणंद दोन रात्री शांत झोपली असती.

रिकाम्या पोटाचा पेच

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा ते एक तास चहा नाही. अकरा महिने हे जमते. रमजानात पोट दिवसभर रिकामे, पण गोळी घेता येत नाही! यावर उपाय आहे. सहेरीच्या अर्धा-एक तास आधी उठून, किंवा इफ्तार-जेवणानंतर तीन-चार तासांनी झोपताना गोळी घेता येते. यातले आपल्याला काय योग्य, हे रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून 4 तास दूर ठेवाव्यात.

'नॉर्मल' हा शब्द मात्र फसवा आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की अनेक घरांत गोळी बंद होते. सासूबाईंनीही डॉक्टरांना तेच विचारले, "बरी झाले ना? मग गोळी कशाला?" उत्तर मिळाले, "चश्मा लावल्यावर नीट दिसते, म्हणून चश्मा फेकून देता का?" दिवस गेल्याचे कळताच तर लगेच डॉक्टरांना सांगावे; गरोदरपणात बहुधा डोस वाढवावा लागतो, कारण सुरुवातीचे काही महिने बाळ आईच्याच संप्रेरकांवर अवलंबून असते.

खरा अवघड शब्द

या सगळ्या शब्दांत आम्हाला सर्वांत जास्त बोचला तो शब्द डॉक्टरांचा नव्हता. तो होता 'आळशी'. मे महिन्यात पंखा नको म्हणणारी, केस गळणारी, दुपारपर्यंत थकून जाणारी सून आजारी असू शकते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. तिला आळशी म्हणून सगळे मोकळे होतात. घाटकोपरच्या खालाजान तर आजही मुलीची गोळी पाहुण्यांपासून लपवतात. स्थळ मोडेल ही भीती. रोज एक गोळी आणि वेळेवर तपासणी, एवढ्यावर बहुतेक जणी घर, नोकरी, मुलेबाळे सारे सांभाळतात. मग लपवायचे कशाला?

आम्ही हसतो ते आजाराला नव्हे, शब्दांच्या धाकाला. धाक गेला की विचारायला तोंड उघडते. तुमच्या घरात कोणी सारखे थकत असेल, तर नाव ठेवण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. रिपोर्टवरचा शब्द कळला नाही, तर तिथेच डॉक्टरांना अर्थ विचारा. हाशिम कोण, हे विचारण्यात कसली लाज?