बारीक डाखकाम आणि त्याचीं हत्यारें

दिनांक २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीला आलेल्या पुरांत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान अडकून पडली, आणि हजाराहून अधिक उतारूंना बोटींच्या साहाय्यानें बाहेर काढावें लागलें. ही हकीकत देशभर गाजली. पण पूर ओसरल्यावर कुळगांवच्या सखल भागांत घरोघरीं जो प्रश्न उभा राहतो, त्याची चर्चा फारशी होत नाहीं. धुलाईयंत्र, टेलिव्हिजन, पंपाचा स्वयंचलित खटका हीं भिजलेलीं उपकरणें टाकून द्यावयाचीं, कीं दुरुस्त करावयाचीं? ह्याचें उत्तर पुष्कळदां तिळाहूनही लहान अशा एका भागावर, आणि तो काढणाराच्या हातांतील हत्यारावर अवलंबून असतें.

पूर्वीच्या बोर्डांत प्रत्येक भागाला तारेचे पाय असत. ते भोकांतून पलीकडे काढून डाख देत. आतां बहुतेक भाग बोर्डाच्या पृष्ठावरच तांब्याच्या इवल्याशा ठशांवर बसविलेले असतात. त्यांतील एक सर्वसाधारण मापाचा भाग १.६ मिलिमीटर लांब व ०.८ मिलिमीटर रुंद असतो. असा भाग बसविणें त्या मानानें सोपें; काढणें अवघड. कारण त्याचे सर्व सांधे एकाच वेळीं वितळलेले असावे लागतात. एकही सांधा घट्ट असतांना भाग ओढला, तर खालचा तांब्याचा ठसाच उपटून येतो, आणि दुरुस्त होण्याजोगा बोर्ड कायमचा निकामी होतो. हत्यारांची सारी निवड ह्या एका गोष्टींतून निघते.

पहिलें हत्यार म्हणजे उष्णता नियंत्रित करतां येणारें सोल्डरिंग आयर्न. कथील ६३ व शिसें ३७ भाग असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसवर वितळतो. युरोपांत १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आल्यानंतर सर्वत्र रूढ झालेला कथील, चांदी व तांबें ह्यांचा डाख सुमारें २१७ अंशांवर वितळूं लागतो. म्हणून बिट साधारणतः ३२० ते ३५० अंशांवर ठेवावी लागते. काम बारीक म्हणून बिटही सुईसारखी घ्यावी, हा मोठा गैरसमज आहे. उष्णता स्पर्शाच्या क्षेत्रांतून वाहते. म्हणून लहानशा पाचरीसारखी चपटी बिट बरी. दोनच टोकें असलेला भाग अशा बिटीनें, अथवा दोन आयर्नांनीं दोन्ही बाजूंनीं धरून, सहज सुटतो.

दुसरी वस्तु स्वस्त, पण सर्वांत महत्त्वाची : फ्लक्स. कल्हईवाला भांड्यावर नवसागर टाकतो, सोनार डाखाआधीं टाकणखार लावतो, तें ज्या हेतूनें, त्याच हेतूनें हा राळयुक्त लेप लावावयाचा. धातूवरील गंज व मळ निघाला म्हणजे डाख पाण्यासारखा पसरतो. मात्र बोर्डावर नवसागर किंवा आम्लयुक्त लेप कधींही वापरूं नये. त्यानें तांबें पुढें खात राहतें.

अनेक पायांच्या चिपेसाठीं उष्ण हवेचें यंत्र लागतें. सोनाराच्या फुंकणीचेंच तें सुधारलेलें रूप. परंतु त्याचा झोत शेजारचें प्लॅस्टिक वितळवितो आणि सुटे बारीक भाग उडवून लावतो. म्हणून आसपास उष्णतारोधक पट्टी चिकटवावी. पुरांत भिजलेल्या बोर्डास आणखी एक धोका असतो. चिपेच्या वेष्टनांत मुरलेल्या ओलाव्याची एकदम वाफ होऊन ती तडकते. असा बोर्ड आधीं कित्येक तास मंद उष्णतेवर सुकवावा. हें यंत्र नसेल, तर सुमारें १३८ अंशांवर वितळणारा कथील-बिस्मथाचा डाख सर्व पायांवर फिरवितां येतो. तो बराच वेळ पातळ राहतो, व चिप चिमट्यानें अलगद उचलतां येते. मागाहून तो तांब्याच्या विणलेल्या पट्टीनें पूर्ण टिपून घ्यावा, कारण त्याचा सांधा ठिसूळ असतो. ज्या चिपेचे सांधे पोटाखालीं गोळ्यांच्या रूपानें असतात, तिला घरीं हात न लावणेंच शहाणपणाचें.

भिजलेलें उपकरण सुकण्यापूर्वीं चालू करूं नये. २३० व्होल्टांच्या विजेवर चालणाऱ्या बोर्डांतील मोठ्या कपॅसिटरांत सुमारें ३२५ व्होल्टांचा दाब साठतो, आणि खटका बंद केल्यावरही तो कांहीं काळ टिकूं शकतो. राळेचा धूर श्वासांत जाऊं देऊं नये, शिशाचा डाख हाताळल्यावर हात धुवावे, आणि मुलांना दूर ठेवावें.

नवशिक्यानें मुंबईस लॅमिंग्टन रोडवर जाऊन एकदम सारें खरेदी करूं नये. आधीं आयर्न, फ्लक्स, डाख, तांब्याची पट्टी, बारीक टोकाचा चिमटा व भिंग घ्यावें. हवेचें यंत्र मागाहून. पहिले पन्नास भाग भंगारांतील बोर्डावरचे काढून पुन्हा बसवावे, आणि मगच घरांतल्या यंत्राचें झांकण उघडावें. हात बसलेला असला, म्हणजे पुढच्या पुरानंतर एखादें यंत्र तरी भंगारांत जाण्यापासून वांचेल.