डोळे झालेले नग

माझी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा मी बँकेत अधिकारी होतो. पेढे घेऊन शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला, पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं छानच आहे हो, पण कालचं क्लीअरिंग टॅली झालं ना?" त्याच आठवड्यात एका साहित्यिक मित्राकडे गेलो. त्याने चार जणांत माझी ओळख करून दिली ती अशी : "हे बँकेत असूनही लिहितात." तो 'असूनही' मला पुढे निवृत्त होईपर्यंत पुरला.

कलावंत म्हणजे हिशेबाला कच्चा आणि मॅनेजर म्हणजे मनाचा कोरडा, ही दोन्हीकडची ठाम समजूत. दोन्ही दगडांवर पाय असूनही मी स्वतः ती बाळगून होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही. ती समजूत मोडली ती पेण तालुक्यातल्या एका गणपतीच्या कारखान्यात. पेण आणि आसपासची हमरापूर, जोहे वगैरे गावं म्हणजे गणपतीचं माहेरच. तिथे मूर्तिशाळेला कारखानाच म्हणतात, आणि तो शब्द अगदी बरोबर आहे. विसर्जन झालं की थोडी उसंत, की पुन्हा साचे धुऊन पुढच्या वर्षाचं काम सुरू.

१९९३ साली माझी त्या भागातल्या शाखेत बदली झाली. कर्जविभाग माझ्याकडे होता. महिनाअखेर गिऱ्हाइकांचं स्टॉक स्टेटमेंट घ्यायचं, जागेवर जाऊन माल मोजायचा, त्यातून पंचवीस टक्के मार्जिन वजा करून किती रक्कम उचलू द्यायची ते ठरवायचं. कापडाचे तागे, तांदळाची पोती मोजता येतात. गणपती कसे मोजायचे? फळ्यांच्या मांडण्यांवर पाचशे मूर्ती ओळीने बसलेल्या. काही नुसत्या साच्यातून काढलेल्या, काही पॉलिशपेपरने घासून पांढरा हात मारलेल्या, काहींना अंगाचा रंग चढलेला, काहींचं पितांबर झालेलं. मी फॉर्म पुढे धरून विचारलं, "काका, यातला तयार माल किती आणि अर्धवट किती?"

काका साठीचे असावेत. घरातल्या तिसऱ्या पिढीचे मूर्तिकार. म्हणाले, "साहेब, ज्याचे डोळे झाले नाहीत, ती माती. मातीचाच भाव लावा."

आपल्या मालाची किंमत कमी लावा म्हणणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं, नंतरही क्वचितच भेटलं.

भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली होती. भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून मागे मागे येत त्यावर पेन्सिलीने खुणा केलेल्या. मुंबईचा व्यापारी माल उचलणार तो दिवस, त्याआधी सोनेरी काम संपण्याचा, त्याआधी अंगरंग संपण्याचा, आणि पावसात रंग वाळायला उशीर होतो म्हणून मध्ये सोडलेले दिवस. वर्षभरापूर्वीच बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात दोन दिवस 'पर्ट चार्ट' शिकून मी प्रमाणपत्र आणलं होतं. शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत यायचं, कुठलं काम अडलं तर पुढची सगळी कामं अडतील ते शोधायचं, हे मला फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. काकांना ते कुणी शिकवलं नव्हतं. गणपती पंचमीला तयार होऊन चालत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. माझ्या प्रकाशकाला मी तीनदा तारीख चुकवली होती, ते त्या भिंतीसमोर उभं असताना आठवलं.

त्यांना काय येत नव्हतं, तेही सांगतो. उधारी. व्यापारी माल उचलत आणि पैसे विसर्जनानंतर देत. कुणाकडे किती राहिले ते सगळं काकांच्या डोक्यात. मी एक लांब रजिस्टर आणून दिलं, स्वतःच्या अक्षरात रकाने पाडून दिले. वर्षभराने लक्षात आलं की एका व्यापाऱ्याने तीन हंगामांची बाकी गोड बोलून गिळली होती. काका रजिस्टरवरून बोट फिरवत नुसते बघत राहिले. नंतर म्हणाले, "हे बरं आहे. वहीला भीड नसते."

कलेतून कारखानदारीत गेलेला आपल्याकडचा सर्वांत मोठा माणूस तेव्हा मला फार आठवायचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असं निघालं आणि चित्रकार व्हायचं राहिलं. पण रेषेवर हुकूमत होती. व्ही.जे.टी.आय.मध्ये ते यंत्रांची रेखाटनं शिकवू लागले आणि त्या कागदावरून पुढे लोखंडी नांगरापर्यंत गेले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी सुरुवातीचे नांगर तसेच पडून राहिले होते. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने. आणि हे औंधकर स्वतः चित्रकार! कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायला १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढलं शंकरराव किर्लोस्करांनी. तेही चित्रकलाच शिकलेले. त्या पत्रकाचं पुढे केवढं मासिक झालं, ते जुन्या वाचकांना सांगायला नको.

हे सगळं वाचलेलं होतं म्हणूनच बहुधा मी घोळ घातला.

बँकांना एकूण कर्जापैकी चाळीस टक्के कर्ज अग्रक्रमाच्या क्षेत्राला द्यावं लागतं. कारागीर त्यात मोडतात. १९९५च्या मार्चला आमच्या शाखेचं उद्दिष्ट अपुरं होतं. मी काकांकडे गेलो आणि म्हणालो, मर्यादा साठ हजारांची एक लाख दहा करू, नऊशेऐवजी सोळाशे मूर्ती काढा, मागणी आहेच. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डोळे मी एकटाच आखतो, साहेब. दिवसाला बारा. तेरावा हात थरथरतो."

"दोन पोरं ठेवा ना आखणीला."

त्यांच्या ओटीवर रवि वर्म्याच्या लक्ष्मीची जुनी तसबीर होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, एवढा मोठा चित्रकार, पण १८९४ साली त्याने मुंबईत छापखाना काढला, म्हणून तर ही लक्ष्मी तुमच्या घरी आली. एकेक रंगवत बसला असता तर राजवाड्यांतच राहिली असती. काका तसबिरीकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी कागदांवर सह्या केल्या.

छापखाना काही वर्षांतच कर्जात रुतला आणि रवि वर्म्याला तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला, हे मला ठाऊक होतं. ते मी सांगितलं नाही.

त्या वर्षी सोळाशे मूर्ती झाल्या. दोन पोरं चांगली होती, हात स्वच्छ होता. पण काकांनी त्यांच्या आखणीतले तीनेकशे गणपती मागे काढले. काही रात्री जागून पुन्हा आखले, तरी चतुर्थीला एकशे ऐंशी मांडणीवरच राहिले. मी चिडलो. म्हटलं, "काका, लोकांना एवढं कळत नाही हो."

"मला कळतं ना," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

उरलेला माल बँकेच्या लेखी जुना. त्यावर उचल मिळत नाही. खातं अनियमित झालं. मी दोन पत्रं पाठवली, छापील नमुन्यातली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काकांच्या खात्यात बावीस हजार जमा झाले. व्हाउचर सहीला माझ्याकडेच आलं. सोनेतारण खात्यातून वर्ग केलेली रक्कम होती. रजिस्टर मागवलं. पाटल्यांची जोडी आणि मोहनमाळ, कर्जदार म्हणून काकूंचं नाव, पुढे त्यांची थोडी वाकडी सही. त्या काउंटरला येऊन गेल्या, तेव्हा मी दहा फुटांवर बसलेलो असणार. मी व्हाउचरवर सही केली. शाखेचं उद्दिष्ट आदल्याच वर्षी पुरं झालं होतं आणि त्याबद्दल मला शाबासकीचं पत्रही आलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, ते बोलता आलं नाही. काकूंनी चहा दिला. काका म्हणाले, "मर्यादा परत साठ करून द्या." तसा अर्ज मी तिथेच लिहून दिला. दागिने पुढच्या हंगामात सुटले, तेव्हा ती नोंद मात्र मी मुद्दाम जाऊन पाहिली.

त्या हंगामापासून काकांच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये एक जादा रकाना आला. आमच्या छापील फॉर्ममध्ये कच्चा माल, अर्धा तयार, तयार, एवढंच. काकांनी पट्टीने रेघ मारून चौथा रकाना पाडला होता : 'डोळे झालेले नग'. मी तो तसाच मंजूर करत गेलो. रात्री लिहायला बसलो की माझ्या हस्तलिखितातल्या पानांकडेही हल्ली त्याच नजरेने बघतो. तयार दिसणारी पुष्कळ असतात.

तपासणीला मुख्य कार्यालयातून एक साहेब आले. कडक म्हणून ख्याती. फाईल चाळताना थांबले. "हा रकाना कुठल्या परिपत्रकाप्रमाणे?"

मी काही उत्तर दिलं नाही, त्यांना जीपमध्ये घालून कारखान्यात नेलं. श्रावण होता, बाहेर धो धो पाऊस. काका आखणीला बसले होते. त्या वेळी तिथे कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही दोघं दारातच उभे राहिलो. बारीक कुंचला, रोखलेला श्वास, एक रेघ. मग दुसऱ्या डोळ्याची. साहेब दहा मिनिटं तरी हलले नाहीत.

परतताना त्यांनी विचारलं, "अर्धवट मालावर मार्जिन किती धरता?"

"पंचवीस टक्के."

"आणि डोळे झालेल्यावर?"

"तेही पंचवीसच."

"हं," ते म्हणाले, आणि शाखा येईपर्यंत खिडकीतून पावसाकडे बघत राहिले. अहवालात त्या रकान्याबद्दल शेरा नव्हता.